गोळी तीच, पण सोसणारे शरीर वेगळे

शौचातून महिनोन्‌महिने रक्त आणि आव पडते, वजन घटते, तरी ‘मूळव्याध असेल’ म्हणून दिवस ढकलले जातात. अखेर कोलोनोस्कोपी होते आणि निदान कळते : अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा जुनाट दाह. मग घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘हे मुलांनाही होईल का?’

रक्ताच्या नात्यात हा आजार असेल तर धोका वाढतो, हे खरे. पण तो ठरवणारे एकच जनुक नाही. दोनशेहून अधिक जनुकीय जागा यात थोडाथोडा वाटा उचलतात. आहार, जंतू आणि परिसर उरलेले काम करतात. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला कोलायटिस झाला तरी बहुतेक वेळा दुसऱ्याला होत नाही.

जनुकांचा अधिक थेट उपयोग होतो तो औषध ठरवताना. या आजारात अ‍ॅझाथायोप्रिन ही स्वस्त गोळी अनेकांना वर्षानुवर्षे घ्यावी लागते. काहींच्या शरीरात मात्र तिचे घातक घटक साठतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. युरोपीय लोकांत याचे कारण मुख्यतः ‘टीपीएमटी’ जनुकात सापडले. आशियाई रुग्णांचे कोडे त्याने सुटेना. २०१४ मध्ये कोरियातील संशोधकांनी ‘एनयूडीटी-१५’ या जनुकातला बदल दाखवून दिला. भारतीयांत साधारण दहांपैकी एकाकडे तो आढळतो. एका पालकाकडून आला असेल तर डॉक्टर मात्रा कमी ठेवून सुरुवात करतात. दोघांकडून आला असेल तर सहसा दुसरे औषध निवडतात. रक्ताच्या एका नमुन्यावर ही चाचणी होते आणि आयुष्यात एकदाच करावी लागते.

चाचणी झाली नसेल, किंवा निर्दोष आली असेल, तरी सीबीसी टाळू नये. पुसद, वणी किंवा उमरखेडहून नागपूर-नांदेडला दर पंधरवड्याला खेटे घालणे कुणालाच परवडत नाही. पण सीबीसी तालुक्याच्या गावीही होते. पहिले दोन महिने डॉक्टर सांगतील त्या दिवशी ती करून अहवाल त्यांना कळवावा. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच केस झपाट्याने गळू लागले, ताप आला, घसा दुखला किंवा तोंडात फोड आले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.