‘गादेर हाया’ : प्रेम आणि जिवंत कुंपण

परस्परविरोधी पक्षांतील स्त्रीपुरुषांचे प्रेम हा कादंबरीवाङ्मयाचा जुना विषय होय. अशा कथांत बहुधा प्रेमिक एकीकडे व त्यांना विरोध करणारा समाज दुसरीकडे अशी मांडणी असते; अडथळा बाहेर असतो, अंतःकरणे मात्र निःशंक असतात. दोरित राबिनयान या इस्रायली लेखिकेच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गादेर हाया’ या हिब्रू कादंबरीने ही मांडणी मुळातच बदलली आहे. तो बदल कोणता, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कथानक थोडक्यात असे. २००२ च्या हिवाळ्याच्या आरंभी न्यूयॉर्क येथे तेल अवीवची लिआत ही विद्यार्थिनी आणि रामल्लाचा हिल्मी हा चित्रकार यांची भेट होते. लिआतचे घराणे इराणातून आलेल्या यहुद्यांचे. तिची चर्या आणि तिचे उजवीकडून डावीकडे चालणारे लेखन एवढ्यावरूनच संशय घेऊन अमेरिकन अधिकारी तिची चौकशी करतात. स्वदेशात जो भेद पर्वताएवढा, तो परक्यांच्या दृष्टीस पडतही नाही. न्यूयॉर्कची थंडी दोघांनाही सारखीच बोचते, दोघांनाही एकाच प्रदेशातील उन्हाची ओढ लागते. पण परस्परांशी बोलताना मात्र इंग्रजीचाच आश्रय घ्यावा लागतो.

तथापि लिआत हे प्रेम आपल्या आईवडिलांपासून लपवून ठेवते. मायदेशी परतण्याचा दिवस हीच या संबंधाची मर्यादा, असे तिने मनाशी ठरविलेले असते. दोन स्वतंत्र राष्ट्रे असावीत हे तिचे मत. एकच सामाईक राष्ट्र असावे हे त्याचे. हा वाद केवळ राजकीय नव्हे. सीमा असावी असे तिला वाटते, नसावी असे त्याला. आणि प्रेमाच्या बाबतीतही दोघांतील भेद नेमका हाच आहे.

‘गादेर हाया’ याचा शब्दशः अर्थ जिवंत कुंपण, म्हणजे आपण जिला वई म्हणतो ती. २००२ मध्येच इस्रायलने जॉर्डनच्या पश्चिम तीरावरील प्रदेशाच्या बाजूने विभाजक भिंत बांधण्यास प्रारंभ केला होता. भिंत बांधावी लागते. वई मात्र जमिनीत मूळ धरून स्वतःच वाढत जाते. लिआतच्या मनातील कुंपण या दुसऱ्या प्रकारचे आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये इस्रायलच्या शिक्षण खात्याने ही कादंबरी माध्यमिक शाळांच्या अभ्यासक्रमात घेण्यास नकार दिला. यहुदी व अयहुदी यांच्यातील असे संबंध स्वतंत्र अस्मितेस बाधक मानले जातात, आणि किशोरवयीन वाचकांना त्याचे सम्यक् भान नसते, असे कारण देण्यात आले. त्यानंतर पुस्तकाची मागणी वाढली, हे अपेक्षितच होते. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, खात्याने व्यक्त केलेली भीती नायिकेने आधीच अनुभवलेली आहे. प्रेमात आपले स्वत्व विरून जाईल, हेच तर तिचे भय! ते लेखिकेने उपहासाचा विषय केलेले नाही. सहानुभूतीने, पण त्याची किंमत न लपविता रेखाटले आहे.

ती किंमत शेवटी कळते. पोहता न येणारा हिल्मी मायदेशी परतल्यावर याफाच्या समुद्रात बुडून मरतो. २००३ मध्ये तेथेच बुडालेले पॅलेस्टिनी चित्रकार हसन हुरानी हे लेखिकेचे स्नेही होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. लिआतने आखलेली मर्यादा अखेर मृत्यूनेच पाळली. तिच्या हाती उरतो तो प्रश्न एवढाच की, आपण जपले ते स्वत्व, की केवळ कुंपण?