बंद दारामागचं गाणं आणि छोटी फिल्म

मुलाने खोलीचं दार लावून घेतलंय. आतून ताल धरून भरभर काहीतरी बोलल्याचा आवाज येतोय. ‘याला काय गाणं म्हणायचं?’ असं तुमच्या अगदी ओठांवर आलंय. जरा थांबा! दार वाजवण्याआधी एका छोट्या फिल्मची गोष्ट ऐका.

मुंबईत कुर्ला पश्चिमेचा पिनकोड ४०००७०. जुन्या पत्त्यात नुसतं ‘मुंबई ७०’. तिथल्या वस्तीत वाढलेला नावेद शेख हा मुलगा ‘नेझी’ या नावाने रॅप करायचा. त्याच्याकडे ना स्टुडिओ होता, ना कॅमेरामन. २०१४ मध्ये आलेलं त्याचं ‘आफत!’ हे गाणं त्याने आयपॅडवरच रेकॉर्ड केलं आणि व्हिडिओही त्यावरच केला.

त्याच वर्षी दिशा रिंदानी या तरुण दिग्दर्शिकेने नेझीवर ‘बॉम्बे ७०’ हा छोटा माहितीपट केला. ‘मामि’ या मुंबईच्या चित्रपट महोत्सवात त्याला लघुपटाचं बक्षीस मिळालं. पुढे २०१९ मध्ये झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ आला. तो नेझी आणि अंधेरीचा डिव्हाइन यांच्या आयुष्यावरून सुचलेला. भारताने तो ऑस्करसाठीही पाठवला. मोठ्या पडद्यावर पोचलेली ही दुनिया त्याआधी छोट्या फिल्मने टिपली होती.

छोटीच का?

छोट्या फिल्मला खर्च कमी लागतो आणि थिएटर मिळण्याची वाट बघावी लागत नाही. एखाद-दोन माणसं कॅमेरा घेऊन दहा बाय दहाच्या खोलीतही शिरू शकतात. म्हणून ज्यांच्याकडे कुणी बघत नाही, त्यांच्याकडे ती आधी पोचते. नागराज मंजुळे यांचंच बघा. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’च्या आधी त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आजोबांना विचारा

तालावर रोखठोक बोलणं आपल्याला नवीन नाही. शाहीर अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत डफावर थाप मारून हेच केलं. आज मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटात एमसी मवाली मराठीत रॅप करतो. आरेचं जंगल वाचवण्यासाठी या गटाने २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं. त्यात आरेतल्या आदिवासी पाड्यावर राहणारे प्रकाश भोईर यांचाही आवाज आहे. पोवाडा ऐकत मोठे झालेले आजोबा आणि रॅप ऐकणारी नात यांनी हे गाणं एकत्र ऐकून बघावं.

आनेकलच्या घरातही

तुम्ही नोकरीसाठी आनेकल, जिगणी, अत्तिबेलेकडे आला असाल, तर मुलं शाळेत कन्नड, मित्रांत इंग्रजी-हिंदी आणि घरी मराठी बोलत असतील. या सगळ्या भाषा एका गाण्यात मिसळल्या तर नवल नाही. बंगळुरूचा ब्रोधा व्ही याने ‘आत्मा रामा’मध्ये इंग्रजी रॅपला रामाच्या भजनाची जोड दिलीच की!

मुलांना फिल्म करायची असेल, तर एवढं सांगा:

• फोन आडवा धरा आणि हात स्थिर ठेवा.
• चित्र थोडं हललं तर चालतं, पण आवाज नीट हवा. फोन बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा.
• ज्याचं चित्रण करताय, त्याची आधी परवानगी घ्या. तो लहान असेल तर त्याच्या आईबाबांनाही विचारा.
• पाच मिनिटांत एकाच माणसाची गोष्ट सांगा.

आणि तुम्ही? अशी फिल्म मुलांना दाखवण्याआधी एकदा स्वतः बघा, कारण काही गाण्यांत शिव्या असतात. मग सगळ्यांनी मिळून बघा आणि त्या शिव्यांविषयीही मोकळेपणाने बोला. मूल दार लावून गातंय, कारण बाहेर कुणी ऐकेल याची त्याला खात्री नाही.

आज दार वाजवाल तेव्हा एवढंच म्हणा, ‘मलाही ऐकव ना.’