इतिहास गाण्यातून शिकवला की मुलांच्या काय लक्षात राहतं? ‘हॅमिल्टन’पासून लालबागच्या पोवाड्यापर्यंत

डिसेंबर-जानेवारी म्हणजे शाळांच्या गॅदरिंगचा सीझन. गिरगाव, दादर, परळ, लालबाग, कुठल्याही मराठी शाळेचा कार्यक्रम बघा, एक आयटम ठरलेला असतो. काजळानं काढलेल्या मिशा, डोक्यावर फेटा, एक मुलगा डफ घेऊन पुढे आणि ‘जी जी रं जी’ म्हणायला चार-पाच जण मागे. विषय बहुतेकदा अफजलखानाचा वध, नाहीतर सिंहगड. मग १९ फेब्रुवारी आली की त्याच पोरांचे रील्स सगळ्यांच्या फोनवर फिरतात.

याच मुलाला चौथीच्या पेपरात पुरंदरच्या तहाचं साल आठवत नाही (१६६५, आणि किल्ले दिले २३). पोवाड्याची दहा मिनिटं मात्र तो एकदाही न अडखळता म्हणतो. असं का होतं, आणि यात काही हातातून निसटतं का? हा प्रश्न अमेरिकेतही बराच गाजलाय, कारण तिथं इतिहास गाण्यातून शिकवण्याचे मोठे प्रयोग झाले. आधी ते पाहू.

पाढे आठवत नाहीत, गाणी मात्र पाठ

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये जाहिरात कंपनी चालवणाऱ्या डेव्हिड मॅकॉल यांच्या लक्षात आलं की आपल्या मुलाला पाढे पाठ होत नाहीत, पण रॉक गाणी शब्दन् शब्द येतात. त्यातून ‘स्कूलहाउस रॉक’ ही छोट्या कार्टून गाण्यांची मालिका निघाली. १९७३पासून ती एबीसी चॅनेलवर मुलांच्या कार्यक्रमांच्या मधे लागायची. १९७६ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं होणार होती, त्या निमित्ताने त्यात इतिहासाची गाणी आली. राज्यघटनेच्या प्रास्ताविकेलाही चाल लावली गेली. त्यात गंमत अशी की चालीत बसवताना मूळ मजकुरातले ‘युनायटेड स्टेट्सचे’ या अर्थाचे शब्दच गळले. ज्यांनी गाण्यावरून पाठ केलं, त्यांना प्रास्ताविका तेवढे शब्द वगळून पाठ झाली.

हे फक्त शब्दांपुरतं नव्हतं. त्याच मालिकेतल्या एका गाण्यात अमेरिका पश्चिमेकडे कशी पसरत गेली ते सांगितलंय. राहायला जागा कमी पडली, म्हणून लोक पुढे सरकले, असा त्याचा सूर. त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्या मूळनिवासींचं काय झालं, हे त्या आनंदी चालीत जवळपास येतच नाही.

मग २०१५मध्ये ‘हॅमिल्टन’ आलं. लिन-मॅन्युएल मिरांडा यांनी अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांचं जाडजूड चरित्र वाचलं आणि त्यावर रॅप-हिपहॉपमधलं संगीत नाटक केलं. हे मूळचं मुलांचं नाटक नाही. पण २०१६पासून न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतल्या २०,००० मुलांना ते १० डॉलरमध्ये दाखवायची योजना निघाली. (दहा डॉलरच्या नोटेवर हॅमिल्टन यांचाच फोटो आहे.) अट एकच. मुलांनी आधी त्या काळातली खरी पत्रं आणि कागदपत्रं वाचायची, त्यावर स्वतःचं गाणं किंवा प्रवेश रचायचा. निवडलेल्या मुलांना ते हॅमिल्टनच्याच रंगमंचावर सादर करायला मिळायचं. या योजनेतला सगळ्यात हुशार भाग हाच आहे, कारण इथं नाटक बघणं हा धड्याचा शेवट नव्हता.

टीकाही झाली. इतिहासकार लायरा मॉन्टेरो यांनी २०१६मध्ये मुद्दा मांडला की मंचावरचे बहुतेक कलाकार कृष्णवर्णीय आणि इतर वंशांचे आहेत, पण त्या काळातला एकही कृष्णवर्णीय माणूस पात्र म्हणून नाटकात नाही. गुलामांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या देशाची गोष्ट, आणि गुलामच गायब.

हा इतिहास आपल्यापासून किती लांब?

वाटतो तेवढा नाही. १७७३ला बोस्टनच्या बंदरात जो चहा समुद्रात फेकला गेला, तो ईस्ट इंडिया कंपनीचा होता. म्हणजे मुंबईच्या फोर्टमधून कारभार करणारी तीच कंपनी. अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्ध सुरू होतं तेव्हा इकडे पहिलं इंग्रज-मराठा युद्ध सुरू होतं, आणि जानेवारी १७७९मध्ये वडगावला मराठ्यांनी कंपनीच्या फौजेला शरणागती घ्यायला लावली. १७८१ला यॉर्कटाउनला ज्याच्या सैन्यानं हार मानली, तो कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल म्हणून भारतात आला. ही सगळी नावं आपल्या पाठ्यपुस्तकांत आहेत, फक्त वेगवेगळ्या धड्यांत.

पोवाडा चालतो कसा?

शाहीर डफावर थाप मारून कडवं म्हणतो. मागचे झीलकरी शेवट उचलून धरतात, तुणतुणं आणि झांज साथीला. त्या ‘जी जी’चं काम नुसतं सजावटीचं नाही. तेवढ्यात शाहिराला श्वास घेता येतो, आणि ऐकणाऱ्याला आत्ता काय घडलं ते मनात बसवायला वेळ मिळतो. प्रसंग रंगला की लय चढते. मधेच शाहीर गाणं थांबवून साध्या गद्यात गोष्ट पुढे नेतो. हा गद्य भाग लक्षात ठेवा, तो पुढे कामाला येणार आहे.

शिवकाळातला आज मिळणारा सगळ्यात जुना पोवाडा अफजलखानाच्या वधावरचा, शाहीर अज्ञानदासाचा. प्रसंग १६५९चा. असे जुने पोवाडे गोंधळ्यांच्या तोंडी होते. ते कागदावर आणणाऱ्यांत एक नाव मुंबईकरांच्या ओळखीचं निघेल. वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय ज्यांच्या नावानं आहे, त्या हॅरी अ‍ॅक्वर्थ यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत १८९१मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला. अ‍ॅक्वर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते.

घोरपड कुठून आली?

गाणं कागदावर कशी मात करतं, ते सिंहगडाच्या गोष्टीत दिसतं. तानाजीनं यशवंती घोरपड कड्याला लावून गड चढला, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. ही घोरपड येते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. शिवाजी महाराजांच्या दरबारातल्या सभासदानं लिहिलेल्या बखरीत ती नाही, तिथं मावळे स्वतःच कडा चढून जातात. तानाजी पडल्यावर गडाला सिंहगड नाव मिळालं, हीसुद्धा अशीच घट्ट बसलेली समजूत. लढाई झाली १६७०मध्ये, पण गडाचं सिंहगड हे नाव १६६३च्या पत्रातच सापडतं.

यात तानाजीचा पराक्रम तसूभर कमी होत नाही. उलट घोरपड नाही, रात्रीच्या अंधारात हातापायांनी चढलेली माणसं हे जास्त थरारक आहे. पण घोरपडीला कडवं मिळालं आणि ती राहिली. पोवाड्याला लढाई आवडते. गडाची पडझड दुरुस्त करणारे, शेतसारा ठरवणारे, शेतकऱ्याच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका असं बजावणारे महाराज डफाच्या थापेवर तितके खुलत नाहीत. त्यामुळे गॅदरिंगमधून इतिहास शिकलेल्या मुलाच्या डोक्यात तीनच प्रसंग उरण्याचा धोका असतो, आणि तिन्हीत तलवार असते.

मग दुसरा पोवाडा रचायचा

मराठीत यावरचा उपाय दीडशे वर्षांपूर्वीच झालाय. १८६९मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर स्वतःचा पोवाडा लिहिला. त्यांचे महाराज कुळवाडीभूषण आहेत, म्हणजे शेतकऱ्यांचे. शाळेची पायरी न चढलेल्या कुणबी, माळी, महार, मांग लोकांना समजावं म्हणून भाषा मुद्दाम सोपी ठेवली. चार वर्षांनी फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. ‘हॅमिल्टन’मध्ये जी माणसं दिसत नाहीत अशी तक्रार २०१६ला झाली, त्यांची आठवण पुण्यातल्या या माणसानं १८७३लाच ठेवली होती.

गिरणगावात हे पुढे गेलं. १९४४मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊंनी तर स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला होता. पेपर वाचता न येणाऱ्या गिरणी कामगाराला हजारो किलोमीटरवरची लढाई डफावर कळत होती.

मुलांच्या नाटकांचं काय? सुधा करमरकर अमेरिकेत बालरंगभूमी शिकून आल्या आणि १९५९मध्ये गिरगावच्या मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने त्यांनी ‘लिटल थिएटर’ सुरू केलं. पहिलं नाटक रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’. त्यातून मराठी बालनाट्याला चेटकिणी, राक्षस, राजकन्या मिळाल्या, आणि त्यांनी पिढ्या गाजवल्या. इतिहास मात्र बराचसा शाळेच्या स्टेजवर आणि डफावरच राहिला.

वर्गात काय करता येईल?

न्यूयॉर्कच्या योजनेसाठी मोठ्या संस्थांचा पैसा लागला. पोवाड्याला डफ आणि तुणतुणं पुरतं. आणि मगाचा तो गद्य भाग आहेच. तिथं शाहीर झालेली मुलगी क्षणभर थांबून म्हणू शकते की मंडळी, घोरपडीची गोष्ट पोवाड्यात आहे, बखरीत नाही. लय तुटत नाही, कारण ती तिथं मुळातच थांबते. आठवी-नववीच्या वर्गात अज्ञानदासाचा आणि फुल्यांचा पोवाडा शेजारी ठेवून एकाच राजाचे दोन शाहीर वाचता येतात. फुल्यांचा पोवाडा राज्य सरकारने काढलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयात आहे. गॅदरिंगच्या तालमी दिवाळीनंतर सुरू होतात, तोवर एखादा नवा पोवाडा मुलांकडूनच रचून घ्यायला वेळ आहे.