ओळखीचे भांडवल

हळदीकुंकवाहून परतलेल्या गृहिणीला सहज विचारून पाहा, तास-दीड तासात तिने काय काय मिळवलेले असते! कोणाच्या भाच्याला नोकरी हवी आहे, कोणाच्या दिरांचा छापखाना आहे, शंभर पुरणपोळ्या वेळेवर कोण करून देते, ही सारी माहिती तिने पदराच्या गाठीला बांधून आणलेली असते. वाण हे नुसते निमित्त! आता त्याच घरातले यजमान उद्योजक मेळाव्याहून परततात, तेव्हाचे दृश्य पाहा. खिशातून पंचवीस व्हिजिटिंग कार्डे निघतात, ती टेबलाच्या खणात जातात, आणि आठवड्याने एकाही कार्डामागचा चेहरा आठवत नाही. "मेळाव्यांना जाऊन काही होत नाही हो," असा निर्वाळा देऊन यजमान मोकळे होतात.

दोष मेळाव्याचा की मेळाव्याला जाण्याच्या रीतीचा? कोल्हापूरकरांच्या दृष्टीने हा प्रश्न चैनीचा नाही, चुलीचा आहे. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली, ती गुळाच्या व्यापारासाठी. पुढे उद्यमनगरात भट्ट्या पेटल्या, लेथ फिरू लागले. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावपर्यंत ओतकामाचे कारखाने पसरले आहेत. यांतले कितीतरी लहान कारखानदार एकदोन बड्या गिऱ्हाइकांच्या कामावर जगतात. त्या गिऱ्हाइकाने हात आखडला की दिवाळीचा बोनस कोठून द्यावा, ही चिंता मालकाच्या घरात शिरते. अशा वेळी दुसरे दार ठोठवायचे, तर ते दार माहीत तरी हवे!

आता कोणी म्हणेल, आमचे सगेसोयरे काय कमी आहेत? सगेसोयरे पाठीशी उभे राहतात, हे खरेच. पण त्यांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली यावर एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारले, वार्ता देणारा माणूस तुम्हाला कितीदा भेटत असे? 'वारंवार' असे उत्तर सहांत एकानेच दिले. बाकीच्यांना ती वार्ता अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळली होती. दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्यापाशी वेगळी बातमी असते. मेळाव्याचा खरा उपयोग हाच. पण तिथे जाऊन आपण काय करतो? आपल्याच गल्लीतल्या चौघांचे कोंडाळे करून चहा पितो आणि परततो!

मराठी शिकवणाऱ्याला यात व्याकरणाचाही एक मुद्दा दिसतो. अशा सभांत प्रत्येकाला मिनिटभर स्वतःची ओळख करून द्यायला सांगतात आणि त्या मिनिटात विशेषणांचा पाऊस पडतो. "दर्जेदार माल, तत्पर सेवा, वाजवी दर." ऐकणाऱ्याच्या हाती काय लागले? काहीही नाही. त्याऐवजी, "पंपासाठी लागणारे बिडाचे भाग आम्ही ओततो, पाच किलोपासून पन्नास किलोपर्यंत, शेतीची अवजारे बनवणाऱ्यांची ओळख हवी आहे," असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याला आपल्या मेहुण्याचा स्नेही चटकन आठवेल. विशेषणे विसरली जातात. नामे आणि संख्या लक्षात राहतात.

बोलण्याहून ऐकणे मात्र मोलाचे. समोरच्याला "सध्या कोणते काम अडले आहे?" एवढा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर त्याच्या कार्डामागे दोन ओळींत टिपून ठेवावे. पंचवीस कार्डांपेक्षा अशी तीन कार्डे पुरेत. मग आठवड्याच्या आत, स्वतःचा माल विकण्याचा विषय न काढता, त्याच्या उपयोगाचा एखादा पत्ता कळवावा, एखाद्या माणसाशी गाठ घालून द्यावी. शेजारून आलेले फराळाचे ताट आपण रिकामे परत पाठवत नाही, हा रिवाज घरात सर्वांना ठाऊक आहे. तोच उंबऱ्याबाहेर न्यायचा! इव्हान माइझनर यांनी अमेरिकेत १९८५ साली बीएनआय ही संस्था सुरू केली आणि 'जो देतो तो मिळवतो' हेच तिचे सूत्र ठेवले. आपल्याकडे माधवराव भिडे या अभियंत्यांनी २००० साली मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब उभा केला, तोही परस्पर साहाय्याच्याच विचारावर.

अर्थात, ओळख झाली म्हणजे विश्वास बसला असे नव्हे. विश्वास बसतो तो काम पाहून. बेळगावातली कारखान्याची जागा सोडण्याची पाळी लक्ष्मणराव किर्लोस्करांवर आली, तेव्हा त्यांच्याकडे औंधच्या देवळाच्या सभामंडपाचे काम होते. त्यांची कामाची रीत औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाहत होते. त्यांनी संस्थानात जागा दिली आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणून नव्या ओळखीच्या माणसाला एकदा आपल्या कारखान्यात बोलवावे. भट्टीशेजारच्या दहा मिनिटांत जे कळते, ते गुळगुळीत कागदावर छापता येत नाही.

आणखी एक गोष्ट. व्यवसायाच्या संघटनेची वर्गणी भरताना आपण कुरकुरतो. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा कंपनीच्या प्रदर्शनात कोल्हापुरी वहाणांसारखी पादत्राणे झळकली. कोल्हापूरचे नाव मात्र कोठेच नव्हते. एकट्या कारागिराचा आवाज इटलीपर्यंत कसा पोहोचावा? महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले. त्या घडणीची प्रेरणा भारतीय असल्याचे कंपनीने मान्य केले आणि जुलैमध्ये तिची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. जे एकट्याला जड जाते, ते दहाजणांच्या सहीने पुढे सरकते. पण दहाजण आयत्या वेळी जमत नाहीत. त्यांनी आधीपासून एकमेकांना ओळखायला हवे.

कोणी संकोचाने म्हणेल, "आपण होऊन बोलायचे म्हणजे भीक मागितल्यासारखे वाटते." आपल्या मध्यमवर्गीय घरांत ही भीड फार. मागायला जाणाऱ्याला ती वाटणारच! समोरच्याच्या उपयोगी पडावे म्हणून चौकशी करणाऱ्याला ती कशाला वाटावी?

यंदा पाडव्याला नवी वही उघडाल, तेव्हा येणे-देण्याच्या हिशेबामागे एक पान कोरे ठेवा. वर्षभरात कोणाची कोणाशी गाठ घालून दिली, एवढेच त्यावर लिहीत जा. पुढच्या दिवाळीला ते पान भरलेले असेल, तर धंद्याच्या पानांची काळजी बरीच हलकी झालेली असेल.