कॉलेजचं मागचं दार

तुमच्या कॉलेजच्या गेटसमोर राहणाऱ्या एखाद्या काकूंना कधी विचारलंय का, की कॉलेजच्या शेजारी राहणं कसं वाटतं? विचारून बघा. फाटकासमोर लावलेल्या बाइक्स, फेस्टच्या आठवड्यातले स्पीकर, कट्ट्यावरचा कचरा, दरवर्षी चढणारं भाडं. यादी तयारच असते. आता समजा, कॉलेजने जाहीर केलं की बाजूचा प्लॉट घेऊन तिथे नवी सात मजली इमारत बांधायची आहे. गल्लीत सह्यांची मोहीम सुरू होणार. तुम्ही कुणाच्या बाजूने?

बहुतेक जण पटकन म्हणतील, 'कॉलेजच्या!' साहजिक आहे. नवी लॅब, नवं हॉस्टेल, मोठी जिम कुणाला नको असते? पण एका विद्यापीठाच्या मुलांनी कधीकाळी उलटं उत्तर दिलं होतं. त्या विद्यापीठाचं नाव तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. न्यूयॉर्कचं कोलंबिया. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर जिथे शिकले, तेच.

एक जिम, दोन दारं

कोलंबियाचा कॅम्पस मॉर्निंगसाइड हाइट्स नावाच्या उंचवट्यावर आहे. पूर्वेला कडा खाली उतरतो, त्या उतारावर मॉर्निंगसाइड पार्क, आणि पार्कच्या पायथ्याशी हार्लेम, न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची सगळ्यात नावाजलेली वस्ती. वर विद्यापीठ, खाली वस्ती आणि मध्ये बाग. नकाशा एवढाच.

विद्यापीठाला जागा कमी पडत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर आसपासच्या इमारती विकत घेण्याचा सपाटा लागला होता. त्यात स्वस्त भाड्याच्या एकेका खोलीत राहणारी माणसं होती. इमारत विद्यापीठाची झाली की भाडेकरू बाहेर. अशी हजारो माणसं तिथून हलली. त्यामुळे 'कोलंबियाला जागा हवी आहे' हे वाक्य खाली हार्लेममध्ये ऐकलं की लोकांच्या पोटात गोळा यायचा.

त्यात विद्यापीठाने जिमसाठी चक्क सार्वजनिक पार्कातली जागा शहराकडून भाडेपट्ट्याने घेतली. बदल्यात हार्लेमच्या लोकांनाही जिमचा एक भाग वापरू देऊ, असं ठरलं. ऐकायला बरं वाटतं ना? पण आराखडा बघा. इमारत उतारावर. विद्यार्थ्यांचं दार वर, कॅम्पसच्या बाजूला. हार्लेमच्या लोकांचं दार खाली, पायथ्याशी. त्यांच्या वाट्याला इमारतीचा लहानसा भाग. बाग लोकांची, जिम विद्यापीठाची आणि लोकांना मागचं दार!

अमेरिकेत कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपासून वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांना 'जिम क्रो' म्हणत. लोकांनी या व्यायामशाळेचं नाव ठेवलं 'जिम क्रो'. इंग्रजीत दोन्ही जिमची स्पेलिंग वेगळी आहेत. आपल्या लिपीत तर फरकही उरत नाही.

मुलं खाली उतरली

फेब्रुवारी १९६८ मध्ये खोदकाम सुरू झालं. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. २३ एप्रिलला कॅम्पसवर निदर्शनं झाली. व्हिएतनाम युद्धाशी जोडलेल्या संशोधनात विद्यापीठाचा सहभाग हा एक मुद्दा होता आणि दुसरा ही जिम. मुलं घोषणा देत थेट पार्कात गेली, बांधकामाचं कुंपण पाडायला लागली, पोलिसांशी झटापट झाली. मग परत येऊन त्यांनी हॅमिल्टन हॉल ताब्यात घेतला.

पुढच्या काही दिवसांत एकूण पाच इमारती मुलांच्या ताब्यात होत्या. हॅमिल्टन हॉल कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी स्वतःकडे ठेवला आणि गोऱ्या मुलांना दुसऱ्या इमारतींत जायला सांगितलं. हार्लेममधून त्यांच्यासाठी जेवणाचे डबे येत होते. विद्यापीठ पोलीस बोलवायला कचरत होतं, कारण खालची वस्ती पेटली तर काय, ही धास्ती होती. शेवटी ३० एप्रिलच्या पहाटे पोलीस आत शिरले. सुमारे ७०० जणांना अटक झाली, अनेकांना मार बसला.

जिम मात्र झाली नाही. विद्यापीठाने पार्कातला नाद सोडला आणि पुढे १९७० च्या दशकात आपल्याच कॅम्पसच्या पोटात, जमिनीखाली जिम बांधली. म्हणजे जागा होती! ती आधी स्वतःच्या आवारात शोधायला हवी होती, इतकंच.

दुसऱ्या वेळी काय झालं?

गोष्ट इथे संपली असती तर सोपं होतं. पण विद्यापीठांची जागेची भूक संपत नाही. २००३ मध्ये कोलंबियाने नवी योजना आणली. जुन्या कॅम्पसच्या थोडं उत्तरेला, वेस्ट हार्लेममधल्या मॅनहॅटनव्हिल भागात १७ एकर आणि सहा अब्ज डॉलरहून जास्त खर्च. त्या भागात गॅरेज, गोदामं, छोटे कारखाने आणि काही घरं होती. विद्यापीठाने एकेक मालमत्ता विकत घ्यायला सुरुवात केली.

बहुतेकांनी विकलं. काही जण अडून बसले. त्यात एक गोदामवाला होता आणि पेट्रोल पंप चालवणारं एक शीख कुटुंबही होतं. तेव्हा न्यूयॉर्क राज्याच्या एका महामंडळाने तो परिसर 'बकाल' ठरवला आणि सक्तीच्या भूसंपादनाचा मार्ग मोकळा केला. विरोधकांचा सवाल बिनतोड होता: निम्मी जागा तुम्हीच विकत घेऊन रिकामी ठेवलीत, मग बकालपणा आणला कुणी? डिसेंबर २००९ मध्ये एका कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला. जून २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. शिक्षण हे सार्वजनिक हित आहे, खासगी विद्यापीठ असलं तरी, असा निकाल लागला.

त्याही वेळी काही विद्यार्थी शेजाऱ्यांच्या बाजूने होते. नोव्हेंबर २००७ मध्ये काही जणांनी कॅम्पसवर उपोषण केलं. अभ्यासक्रमाबद्दलच्या मागण्यांवर विद्यापीठाने पावलं उचलली. विस्ताराच्या मागणीवर मात्र ते हललं नाही. तरी इतक्या वर्षांचा विरोध वाया गेला, असंही नाही. २००९ मध्ये घरं, शाळा, स्थानिकांच्या गरजा यांसाठी १५ कोटी डॉलरचा करार विद्यापीठाला करावा लागला. आज तिथे काचेच्या देखण्या इमारती उभ्या आहेत. पैसे पुरेसे होते का, यावर वस्तीत अजून एकमत नाही.

शेजारी नेहमीच बरोबर?

आता नाणं उलटं करूया. कारण 'शेजारी गरीब बिचारे, विद्यापीठ दुष्ट' असं समीकरण मांडलं, तर तेही खोटंच ठरेल.

कॅलिफोर्नियातल्या बर्कले शहरात रहिवाशांच्या एका गटाने विद्यापीठाला कोर्टात खेचलं. म्हणणं असं, की विद्यार्थी वाढल्याने गर्दी, कचरा, आवाज वाढतो आणि घरं महागतात, त्याचा पर्यावरणीय अभ्यास नीट झालेला नाही. कोर्टाने प्रवेशसंख्या गोठवायला सांगितली. मार्च २०२२ मध्ये सुमारे ३,००० जागांवर गदा येणार होती. अखेर विधिमंडळाने घाईघाईने कायदा बदलला आणि जागा वाचल्या. पुढच्याच वर्षी दुसऱ्या खटल्यात आणखी एका कोर्टाने म्हटलं, की हॉस्टेल बांधण्याआधी मुलांच्या पार्ट्यांच्या आवाजाचाही पर्यावरणावरचा परिणाम म्हणून विचार करायला हवा होता. म्हणजे धूर, सांडपाणी आणि तुम्ही, एकाच यादीत! तोही मुद्दा कायदा करून निकाली काढावा लागला.

तिथे रहिवासी जिंकले असते, तर नुकसान कुणाचं होतं? ज्याला हॉस्टेलच मिळालेलं नाही, अशा मुलाचं. हॉस्टेल न झाल्याने मुलं थांबत नाहीत. ती त्याच गल्लीत चौघं मिळून एक फ्लॅट घेतात आणि भाडं अजून चढतं. तुमच्यापैकी जे बाहेरगावाहून येऊन कॉट बेसिसवर राहतात, त्यांना हे सांगायला नको.

मग बाजू कशी ठरवायची?

'शिक्षण' हा शब्द उच्चारला की सगळं माफ होत नाही आणि 'रहिवासी' म्हटलं की सगळं बरोबर ठरत नाही. मला वाटतं, कोलंबियाच्या मुलांनी पाहिलं ते पाहायचं. त्यांनी आराखडा बघितला आणि दारं मोजली. कुणाची जागा जाते? त्यांना आधी विचारलं की नंतर सांगितलं? बांधलेल्या इमारतीत ते येऊ शकतील का, आणि कुठल्या दाराने? स्वतःच्या आवारात जागा असताना दुसऱ्याच्या अंगणात का?

हे प्रश्न तुम्हीच विचारू शकता, कारण तुम्ही भिंतीच्या दोन्ही बाजूंना असता. सकाळी आत लेक्चरला, दुपारी बाहेर टपरीवर. तुमचे प्राचार्य त्या काकूंना ओळखत नाहीत. तुम्ही त्यांच्याकडून डबा लावलेला असतो. आणि एक लक्षात ठेवा, तुम्ही तीन वर्षांत निघून जाणार. काकू तिथेच राहणार.

तुमच्यापैकी कुणी पुढे न्यूयॉर्कला गेलंच, तर कोलंबियात बाबासाहेबांचा पुतळा बघालच. त्यानंतर पाच मिनिटं काढून मॉर्निंगसाइड पार्कात उतरा. तिथे एक तळं आहे, कड्यावरून त्यात छोटा धबधबा पडतो. बदकं असतात, आसपासची मुलं खेळत असतात. ते तळं निसर्गाने केलेलं नाही. अर्धवट सोडलेल्या त्या जिमच्या पायासाठी खोदलेला तो खड्डा आहे.

आणि तिथे जायला दार नाही.