कानाला यंत्र लागले, पुढे काय?

‘मूकबधिर’ या जोडशब्दाने आपल्याकडे मोठाच गैरसमज रुजवला आहे. बहिरेपण आणि मुकेपण ही जणू एकत्रच जन्मणारी दोन व्यंगे आहेत, असे त्यातून ध्वनित होते. वस्तुस्थिती वेगळी आहे. बहुतेक कर्णबधिर बालकांचा कंठ, जीभ आणि ओठ निर्दोष असतात. त्यांना बोलता येत नाही, ते केवळ ऐकू न आल्यामुळे. मराठी घरातले मूल मराठी बोलू लागते, कारण ती भाषा महिनोन्‌महिने त्याच्या कानावर पडत असते. हा ओघ ज्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, त्याने शब्द आणावेत कुठून?

दर हजार नवजात बालकांमागे साधारणतः एक ते तीन बालकांमध्ये लक्षणीय श्रवणदोष आढळतो. यांतील बहुसंख्य मुलांच्या आईवडिलांना व्यवस्थित ऐकू येत असते. त्यामुळे घरात कुणाच्या मनात शंकाही येत नाही. आलीच, तर आजी पाठीमागून थाळी वाजवून पाहते. मूल वळते आणि सारे निर्धास्त होतात. पण मोठा आवाज अंधूक ऐकू येणारे किंवा जमिनीचा कंप जाणवलेले मूलही वळू शकते. त्याला बोलण्यातला ‘स’ वा ‘श’ ऐकू येतो, असा त्याचा अर्थ नव्हे. मग ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत गप्पच होते’ अशा समजुतींत दीड-दोन वर्षे निघून जातात. या सगळ्या प्रकरणात सर्वांत महाग पडतो तो हाच काळ.

नवजात बालकाच्या कानात छोटेसे उपकरण ठेवून होणारी ‘ओएई’ तपासणी काही मिनिटांत आटोपते. तीत शंका आल्यास मूल झोपेत असताना ‘बेरा’ चाचणी केली जाते. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना प्रारंभ, असा दंडक जगभरचे तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे सर्वच प्रसूतिगृहांत ही तपासणी आपसूक होत नाही. पालकांनी ती मागून करून घ्यावी.

घाईचे कारण मेंदूत आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ख्रिस्तीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५० श्रवणदोष असलेल्या मुलांचा केलेला अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा लक्षणीय सरस आढळली. अनू शर्मा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूचा प्रतिसाद मोजला. साडेतीन वर्षांच्या आत यंत्र मिळालेल्या मुलांमध्ये तो लवकर वयानुरूप झाला. सात वर्षांनंतर यंत्र मिळालेल्या बहुतेकांत तसे घडले नाही.

तथापि, शस्त्रक्रिया झाली म्हणजे प्रश्न सुटला, ही समजूतही तितकीच घातक आहे. चष्मा लावताच दिसू लागते, तसे येथे होत नाही. यंत्रातून येणारा ध्वनी मुलाला सर्वस्वी नवा असतो. म्हणून तज्ज्ञ ‘श्रवणवय’ मोजतात. दोन वर्षांच्या मुलाला आज यंत्र बसले, तर श्रवणाच्या हिशेबाने ते आज जन्मले. तान्ह्या बाळाकडून आपण दुसऱ्या आठवड्यात शब्दांची अपेक्षा करतो का? पण यंत्र बसलेल्या मुलामागे मात्र ‘काका म्हण, मामा म्हण’ असा धोशा लागतो. तो थांबवून आधी भरपूर ऐकवावे. अंघोळ घालताना, पोळ्या लाटताना, कपड्यांच्या घड्या घालताना जे चालले आहे ते जवळ बसून, नेहमीच्या लयीत सांगत राहावे आणि मुलाच्या उत्तरासाठी क्षणभर थांबावे. त्या वेळी मिक्सर आणि टीव्ही बंद असावा. श्रवण-वाचा उपचारांच्या पद्धतीत तज्ज्ञ मुलाइतकेच पालकांना शिकवतात ते याचसाठी. आठवड्यातला उपचारांचा एखादा तास संपला, तरी उरलेला आठवडा घरातच जायचा असतो.

मराठीची एक अडचण येथे लक्षात घ्यावी लागते. ‘आईने’, ‘आईला’, ‘आईचा’ या शब्दांतला सारा अर्थभेद शेवटच्या अक्षरात आहे आणि बोलताना तेच अक्षर आपण हलके उच्चारतो. अस्पष्ट ऐकणाऱ्या मुलाचे नेमके तेच हरवते. त्यामुळे सुटे शब्द शिकवण्यापेक्षा पूर्ण, छोटी वाक्ये बोलणे हिताचे.

शहरी घरांत आणखी एक प्रकार दिसतो. इंग्रजी शाळेच्या धास्तीने आईवडील मुलाशी मोडक्या इंग्रजीत बोलू लागतात. हे अनाकलनीय आहे. ज्या भाषेत आपण सहज रागावतो आणि लाड करतो, तीच भाषा मुलाला भरभरून देता येते. इंग्रजी नंतरही येते.

यंत्र जागेपणी सर्व वेळ कानावर असायला हवे. ते नीट चालते की नाही, हे पाहण्याची सोपी रीत श्रवणतज्ज्ञ डॅनियल लिंग यांनी घालून दिली. रोज सकाळी तोंड झाकून ‘म्’, ‘ऊ’, ‘आ’, ‘ई’, ‘श्’, ‘स्’ हे सहा ध्वनी काढावेत आणि मूल प्रतिसाद देते का ते पाहावे. काल ऐकू आलेला ‘स्’ आज आला नाही, तर आधी बॅटरी पाहावी. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत यंत्रे लवकर बिघडतात. रात्री ती सिलिका जेलच्या डबीत ठेवावीत.

खर्चाचा प्रश्न मोठा आहे. केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून गरजू कुटुंबांतील बालकांना कॉक्लिअर इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते. वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग संस्था या कामाची मध्यवर्ती यंत्रणा आहे. पुढील दुरुस्ती आणि सुट्या भागांचा खर्च मात्र वर्षानुवर्षे चालतो, याची कल्पना पालकांना शस्त्रक्रियेपूर्वीच द्यायला हवी.

सर्वच मुलांना यंत्राचा सारखा लाभ होत नाही. काहींची श्रवणनसच विकसित झालेली नसते. अशा मुलांना वर्षानुवर्षे केवळ बोलण्याच्या प्रतीक्षेत भाषेविना ठेवणे हा अन्यायच होय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषेला संवादाचे माध्यम म्हणून मान्यता दिली आहे. खुणांमुळे मूल बोलण्याचा आळस करते, हा समज धरून बसलेल्या घरांनी तज्ज्ञांशी एकदा मोकळेपणाने बोलावे.