मानवी भावनांचा तर्क करणारी यंत्रे

समोरच्या मनुष्याला काय वाटत आहे आणि त्यापोटी तो पुढे काय करील, याचे अनुमान करणारी संगणकीय यंत्रणा घडविता येईल काय, हा प्रश्न गेली साठ वर्षे अभ्यासकांपुढे आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ साली 'एलायझा' नावाची आज्ञावली जाहीर केली. टंकलिखित वाक्यातील शब्द उचलून त्यांचाच प्रश्न करून परत देणे, एवढेच तिचे काम. तिला कशाचाही अर्थ कळत नव्हता. तरीही माणसे तिच्याजवळ मन मोकळे करू लागली आणि तिचे कर्ते स्वतःच अस्वस्थ झाले.

खऱ्या अर्थाने तर्काचा आराखडा मिळाला तो १९८८ साली. ऑर्टोनी, क्लोर व कॉलिन्स या तिघा अभ्यासकांनी भावनांचे २२ प्रकार मांडले आणि ते तीन मुळांशी नेऊन जोडले : घडलेली घटना, कोणी केलेली कृती व समोर असलेली वस्तू. घटना आपल्या हिताची की अहिताची, कृती स्तुत्य की निंद्य, वस्तू प्रिय की अप्रिय, हे ठरले की भावना निष्पन्न होते. सोलापूरच्या भवानी पेठेतील एखाद्या यंत्रमाग कामगाराचे उदाहरण घ्यावे. वीज गेली, माग थांबला, दिवसाची मजुरी बुडाली. ही घटना अहिताची, म्हणून खेद. तीच मजुरी कोणी हेतुपुरस्सर कापली, तर अहिताच्या घटनेत निंद्य कृती मिसळते आणि संताप उत्पन्न होतो. उद्या कापली जाईल असे नुसते वाटले तर भय. आणि ती कापली गेली नाही तर सुटकेचा भाव. हे नियम यंत्राला लिहून देता येतात व यंत्र ते बिनचूक चालविते.

अभिधम्माच्या अभ्यासकाला ही रीत सर्वस्वी परकी वाटणार नाही. तेथे प्रत्येक चित्तासोबत वेदना मानलेली आहे आणि एकूण ५२ चेतसिकांची विभागणी केलेली आहे. परंतु साम्य फार ताणू नये. अभिधम्मात चित्त कुशल की अकुशल, हा प्रश्न विभागणीच्या मुळाशी आहे. उपरोक्त आराखड्याला त्याचे सोयरसुतक नाही. शिवाय वेदनानुपश्यनेत साधक प्रथम स्वतःची वेदना जाणतो. यंत्राजवळ स्वतःचे असे काही नाही, केवळ दुसऱ्याची बाह्य चिन्हे आहेत.

आता मुख्य अडचणीकडे वळू. कृती स्तुत्य की निंद्य, हे ठरविणारी मूल्यांची कोष्टके यंत्रात कोणी भरायची? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी पाणी प्याले. मनुस्मृतीचे कोष्टक भरलेले यंत्र या कृतीला निंद्य ठरवील आणि सवर्णांच्या संतापाचे अनुमान अचूक काढील. समतेचे कोष्टक भरलेले यंत्र तीच कृती स्तुत्य मानील व कर्त्यांच्या ठायी सार्थ अभिमान दाखवील. दोन्ही ठिकाणी तर्कात दोष नाही. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाड येथेच मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा वाद या कोष्टकाशीच होता. दुसऱ्याचा राग ओळखता येणे आणि तो राग न्याय्य ठरणे या दोन निराळ्या गोष्टी होत, हे यंत्र बनविणारे बरेचदा विसरतात.

अलीकडे नियम हाताने लिहिले जात नाहीत. उदाहरणांच्या राशीवरून यंत्र ते आपणच शिकते. म्हणजे कोष्टक नाहीसे झाले असे नव्हे. ते उदाहरणांना वर्ग लावणाऱ्यांच्या निवाड्यात दडून बसते. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२१ साली सुमारे १६,००० मराठी ट्वीटांचा संग्रह सकारात्मक, नकारात्मक व तटस्थ अशा तीन वर्गांत लावून दिला आणि २०२२ साली द्वेषमूलक मजकुराचा २५,००० हून मोठा संग्रह प्रसिद्ध केला. मराठीसाठी हे मोलाचे काम आहे. पण ट्वीटांतली मराठी निराळी आणि तेलुगू, कन्नड, दख्खनी यांच्या शेजारात वाढलेली सोलापुरी बोली निराळी. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, आपल्यावर फेकलेली जातिवाचक शिवी सांगून तक्रार करणाऱ्याच्या वाक्यात ती शिवी असतेच. शब्दांवरून वर्ग लावणारे यंत्र तक्रारीलाच द्वेष म्हणू शकते. इंग्रजीत हा दोष सिद्ध झालेला आहे : गूगलमधील संशोधकांनी २०१८ साली दाखविले की, पीडित समूहांची केवळ नावे आली तरी निरुपद्रवी वाक्यालाही यंत्र विषारी ठरवीत होते.

चेहऱ्यावरून भावना ओळखण्याचा दावा तर आणखी कच्चा आहे. मुद्रेवरून अंतरीचा भाव विश्वसनीयपणे कळत नाही, असा निष्कर्ष लिसा फेल्डमन बॅरेट व सहकाऱ्यांनी २०१९ साली विस्तृत समीक्षेअंती काढला. मायक्रोसॉफ्टने २०२२ साली ही सोय मागे घेण्याचे जाहीर केले. युरोपीय संघाच्या कायद्याने २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत भावना ओळखणारी यंत्रे वापरण्यास मनाई केली आहे. वैद्यकीय व सुरक्षेची कारणे तेवढी अपवाद आहेत. आपल्याकडील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अशा यंत्रांविषयी स्वतंत्र कलम नाही. तेव्हा एखाद्या मालकाने कामगारांच्या चेहऱ्यांवर असा कॅमेरा रोखलाच, तर यंत्राने आपल्याला 'उद्धट' कोणत्या कोष्टकावरून ठरविले, हे विचारण्याचे काम कामगारालाच करावे लागेल.